बोरवंडचं फाटक

आबांच्या ओठांवर अपर्णाताईंनी तुळशीचं पान ठेवलं तेव्हा छाया तिथंच उभी होती. हातभर अंतरावर. 'थांबा' एवढा एक शब्द पुरला असता. पण बाईनं तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच, आणि मग जे व्हायचं ते झालं.

अबूधाबीजवळच्या अल ऐनला इस्पितळाच्या मागच्या अंगाला ती खोली आहे. देह विमानानं न्यायचा असला की त्यात औषध भरतात, आणि पेटी बंद करण्याआधी घरच्यांना दर्शनाला जरा वेळ देतात. आत एसी इतका की दातावर दात वाजावेत. आबा गळ्यापर्यंत पांढऱ्या चादरीत. मिशी कुणीतरी उलटी विंचरलेली. छाया ती सरळ करायला पुढं सरकणार, तेवढ्यात अपर्णाताईंनी पर्स उघडली. सासूबाईंनी काशीहून आणलेली गंगाजलाची सीलबंद लोटी निघाली, बाल्कनीतल्या कुंडीतली तुळस निघाली, डबीतलं गंध निघालं. कपाळाला गंध, ओठांवर पान, पानावर थेंबभर पाणी. सतीशनं हात जोडून रामनाम सुरू केलं आणि मागून कुणीतरी मोबाईल वर धरला.

आता अपर्णाताईंना नावं ठेवू नका हं. आबा खुर्चीतल्या खुर्चीत गेले तेव्हापासून ही बाई पायाला चाकं लावल्यासारखी धावत होती. दोन्ही वेळचा डबा तिच्याकडून. तिचा नवरा सतीश तर पोलीस, इस्पितळ, एम्बसी असे कागद घेऊन फिरत होता. सतीश म्हणजे छायाच्या नवऱ्याचा, विजयकुमारचा मॅनेजर. साहेब असून पोरासारखा राबला. परक्या मुलखात आपलं माणूस गेलं की काय करतात, ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी मनापासून केलं. चूक एवढीच, की आबा कोण हे त्यांना माहीत नव्हतं.

आबा म्हणजे भिकाजी सपकाळे. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परत आले. तेव्हापासून देवळाची पायरी चढले नाहीत, गंगाजल तर सोडाच. पाणवठा, गायरान, वसतिगृह, काहीही असो, जिल्ह्यात आपल्या माणसाला कुणी अडवलं की आबांची सतरंजी कलेक्टर कचेरीसमोर पडलीच म्हणून समजा. अशा माणसाच्या ओठांवर तुळस, आणि पोटची पोर बघत उभी!

का गप्प राहिली? सोपं आहे. अल ऐनमध्ये छाया कोण हेही कुणाला माहीत नव्हतं. सासऱ्यांनी फार पूर्वी गावावरून आडनाव करून घेतलं होतं, वडनेरकर. त्या 'कर'मुळं कुणी काही विचारलं नाही, आणि हिनंही काही सांगितलं नाही. गणपतीत मोदक वळले, हळदीकुंकू केलं, चैत्रात अपर्णाताईंकडची आंब्याची डाळ खाल्ली. हॉलमध्ये बुद्ध होता, पण बुद्ध काय, हल्ली सगळ्यांच्याच हॉलमध्ये असतो, शोभेला. लेक ईश्वरी इथंच वाढली. तिला तर ह्यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

आबा थंडीचे तीन महिने राहायला आले, तेव्हा विमानतळावरून घरी येताना छायानं गाडीतच सांगून टाकलं होतं, "आबा, इथं कुणाला जयभीम नका हं म्हणू. नमस्कार म्हणा." म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं आणि हसून म्हणाला, "अगं, मी काय तुझा संसार मोडायला आलोय? नमस्कार तर नमस्कार." आणि खरंच, सबंध मुक्काम तो माणूस सगळ्यांना नमस्कार म्हणत राहिला. कोपऱ्यावरच्या टपरीवर दोन दिरहमचा चहा घ्यायचा, "पन्नास रुपये झाले की गं," म्हणून हळहळायचा, आणि नमस्कार म्हणून घरी यायचा. छायाला तेव्हा हायसं वाटलं होतं. आता त्याच हायसं वाटण्याची तिला लाज वाटत होती.

दुपारी ती बॅगा भरत होती. पेटी कार्गोनं पुढं अबूधाबीला गेली होती, आणि संध्याकाळच्या त्याच विमानानं छाया आणि ईश्वरी मुंबईला जाणार होत्या. विजयकुमारला प्लांटच्या शटडाउनमुळं रजा नव्हती. तेवढ्यात रंजिताचा फोन आला. रंजिता म्हणजे तालुक्याला वकिली करणारी पोरगी, आबांचा उजवा हात.

"ताई, खरं सांगा. आबांनी शेवटी गंगाजल घेतलं?"

"कोण म्हणतं?"

"सगळा जिल्हा म्हणतोय. व्हिडिओ फिरतोय. बघा."

अपर्णाताईंनी तो अल ऐनच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता, 'परदेशातही संस्कार जपणारा आपला परिवार' असं लिहून. तिथून कुणी मेहुण्याला पाठवला, मेहुण्यानं गावाला. आणि तिकडं कुणा हुशार माणसानं कात्री चालवली. चादर गेली, खोली गेली, राहिला फक्त आबांचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा आणि पाणी घालणारा हात. माणूस मेलेला आहे की अंथरुणावर आहे, काही कळायची सोय नाही. वर ठळक अक्षरं: 'अखेरच्या घटकेला स्वगृही परतले ज्येष्ठ नेते भिकाजी सपकाळे'.

"आपल्या वस्तीत चूल पेटली नाही, ताई," रंजिता म्हणत होती. "म्हातारी माणसं कपाळ बडवून घेतायत. पोरं म्हणतात, आबांनी आम्हाला विकलं, मातीला जायचं नाही. तुम्ही काहीतरी बोला ना. तुम्ही तिथं होतात ना?"

"मी... मी करते फोन," छाया म्हणाली आणि ठेवून दिला. दुसरं काय करणार? ती तिथं होती, हेच तर सांगायची चोरी होती.

विमानतळावर सोडायला सतीशचीच गाडी. पुढं सतीश आणि विजयकुमार, मागं अपर्णाताई, मध्ये ईश्वरी आणि खिडकीशी छाया. अल ऐन मागं पडलं, दोन्ही बाजूंना वाळू सुरू झाली. अपर्णाताई पिशवीतून थेपले काढून देत होत्या आणि छाया नको नको म्हणत होती. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. सूर्यकांतदादा.

हा सूर्यकांत एके काळी आबांची सतरंजी उचलायचा. छायाच्या आईच्या हातची भाकरी खाऊन मोठा झाला. पुढं सत्तेतल्या पक्षात गेला, जिल्हा परिषदेत बसला, आणि आबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आज मात्र आवाजात मध.

"छाया, बाळ, काळजी करू नकोस. मुंबईला मी स्वतः येतोय न्यायला. फुलांचा ट्रक सांगितलाय, मंत्रीसाहेब येतायत. आणि ऐक, मोठी बातमी आहे. बोरवंडचं फाटक उघडतंय."

छाया ताठ झाली. बोरवंडचं फाटक म्हणजे काय, हे ती विसरूच शकत नव्हती. तिच्या माहेरच्या बोरवंड गावाची स्मशानभूमी. सरकारी पैशानं बांधलेली, वर पत्रा, खाली काँक्रीटचा ओटा, भोवती भिंत, आणि फाटकाला कुलूप. किल्ली सरपंचाकडं. वस्तीतल्या माणसांनी आपली माणसं नाल्यात न्यायची. छायाची आई ऐन जुलैत गेली. नाल्यात चिता पेटेना. वर ताडपत्री धरली, डिझेल ओतलं, तरी पेटेना. चौदा वर्षांची छाया छत्री धरून उभी होती, आणि ताडपत्रीखाली अर्धवट जळलेली आई. शेवटी पाणी चढलं आणि पुढचं नाल्यानंच केलं. त्या दिवसापासून आबा त्या फाटकामागं लागले. मोर्चे झाले, कोर्टाचा हुकूम आला, तरी कुलूप जागच्या जागी. पोरं म्हणायची, तोडून टाकू. आबा म्हणायचे, "तोडायचं नाही. त्यांच्या हातानं उघडायला लावायचं. पहिली चिता माझी."

"कसं काय उघडतंय?" छायानं हळूच विचारलं.

"अगं, त्या व्हिडिओमुळं! गावकरी म्हणाले, माणूस आपल्यात परत आला, मग आता भांडण कसलं? सरपंच स्वतः कुलूप काढणार, मंत्रीसाहेबांच्या समोर. भटजी त्यांचेच, मंत्र म्हणतील तेवढे म्हणू द्यायचे. आबांची इच्छा पुरी होतेय, बाळ. निवडणूक तोंडावर आहे म्हणून जमलं, नाहीतर शंभर वर्षं जमलं नसतं."

"आणि वस्ती?"

"येतील. नाही आली तरी नंतर कळेल त्यांना. तू फक्त काही बोलू नकोस. रंजिताचा फोन उचलू नकोस. तू गप्प राहिलीस की झालं."

गप्प राहायचं! जगात छायाला एवढी एकच गोष्ट चांगली येत होती. आणि खोटं कशाला बोला, मोह झाला तिला. आबा कोरड्या ओट्यावर, पत्र्याखाली, धड जळतील. आईसारखं होणार नाही. कुणाला काही सांगायला नको. विजयकुमारची नोकरी, ईश्वरीची शाळा, सगळं जिथल्या तिथं. एकदा उघडलेलं फाटक परत कोण बंद करतो? तिनं 'बरं' म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर भलतंच पडलं.

"दादा, पुढच्या वेळी आपल्यातलं कुणी गेलं, तर त्यालाही आधी गंगाजल पाजायचं का?"

सूर्यकांत म्हणाला, "ते पुढचं पुढं बघू गं."

"नाही दादा. आत्ता सांगा. वस्तीतली म्हातारी उद्या गेली आणि तिनं कुणाची तुळस घेतली नाही, तर तिच्यासाठी फाटक उघडेल का?"

"छाया, फाटे फोडू नकोस," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

सतीशनं गाणी बंद केली. अपर्णाताईंच्या हातातला थेपला हातातच राहिला.

"आपल्यातलं म्हणजे काय गं?" त्यांनी विचारलं. साधाच प्रश्न, खरोखर न कळल्यासारखा.

विजयकुमार मागं वळला. "छाया. खलास. बस कर आता."

"सतीशजी, पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवाल?" छाया म्हणाली.

पंपावर उन्हं कलली होती. विजयकुमारनं तिला बाजूला ओढलं. "तू निघालीस, छाया. तू विमानात बसशील. मी राहणार आहे इथं. उद्या सकाळी ह्याच माणसाच्या केबिनमध्ये मला उभं राहायचंय. आबा गेले. फाटक उघडतंय. अजून काय पाहिजे तुला?"

"विजय, माझ्यासमोर त्यांच्या तोंडात पाणी घातलं रे."

"मेलेल्या माणसाला काय कळतं?"

"मी मेले नव्हते ना!" छाया ओरडली, आणि पंपावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

मग ती अपर्णाताईंकडं गेली आणि सगळं सांगितलं. कोणत्या वस्तीतली, कोणाची मुलगी, आबांनी काय सोडलं होतं आणि का. आईची चितासुद्धा सांगितली. अपर्णाताईंचा चेहरा आधी गोरामोरा झाला, मग डोळे भरले. "अगं मग मला सांगायचं ना! मी आणलंच नसतं गं. मी काय वाईट हेतूनं केलं? इतकी वर्षं तू माझ्या स्वयंपाकघरात..." आणि वाक्य तिथंच तुटलं. पुढं काय येणार होतं, ते त्यांनाही नको झालं असावं. त्यांनी पदर सारखा केला आणि गाडीत जाऊन बसल्या.

"तुमची काही चूक नाही, ताई," छाया त्यांच्या पाठीला म्हणाली. ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

मोबाईल तिनं पाण्याच्या बाटलीला टेकवून गाडीच्या टपावर उभा केला. आणि बोलायला लागली.

"मी छाया, भिकाजी सपकाळेंची मुलगी. व्हिडिओत पाणी घातलंय ते आबा गेल्यावर. दोन दिवसांनी, पेटी बंद करायच्या आधी. आबांनी काही घेतलं नाही, आबा कुठंही परतले नाहीत. ज्यांनी घातलं त्यांना आम्ही कोण हे माहीत नव्हतं, कारण मीच लपवलं होतं. मी समोर उभी होते आणि लाजेनं गप्प राहिले. गुन्हा माझा आहे, आबांचा नाही. वस्तीतल्या सगळ्यांनी मातीला या. माझ्या तोंडावर थुंका, पण आबांच्या मातीला या."

पाठवलं. रंजिताला, आणि मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा. ईश्वरी शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. "मम्मा, सो यू वर अशेम्ड ऑफ आजोबा?" तिनं विचारलं. छायाला वाटलं, कुणी कानशिलात दिली असती तर बरं झालं असतं.

"हो," ती म्हणाली. "हो गं, होते."

अबूधाबी जवळ आलं. खलिफा सिटीच्या पाट्या आल्या आणि गेल्या. विमानतळावर सतीशनं बॅगा उतरवून दिल्या, अगदी व्यवस्थित, ट्रॉलीवर लावून. मंडळाच्या ग्रुपवर तोवर एकाचंही उत्तर नव्हतं. सगळ्यांनी बघितलं मात्र होतं. विजयकुमारनं ईश्वरीला जवळ घेतलं, छायाकडं न बघता "पोचलीस की कळव" म्हणाला, आणि परत त्याच गाडीत, त्याच साहेबाशेजारी जाऊन बसला. छायाला त्याचा राग आला नाही. कीव आली, आणि तीही स्वतःचीच जास्त.

बॅगा देऊन आत गेल्यावर सूर्यकांतचा फोन आला. मध संपला होता. "झालं समाधान? सरपंचानं किल्ली खिशात घातली. मंत्री येत नाहीत, ट्रकही नाही. गावात पोलीस आणून बसवलेत. हातातोंडाशी आलं होतं, पोरी, तू लाथ मारलीस. आता जाळ बापाला नाल्यात, आईला जाळलं तसा." आणि फोन बंद.

छाया भिंतीला टेकून उभी राहिली. हेच होणार हे तिला पंपावर ठाऊक नव्हतं का? होतं. ज्या फाटकासाठी आबा जन्मभर झिजले, ते आज उघडत होतं, आणि त्यांच्याच लेकीनं ते लावून घेतलं.

मग रंजिता. ती रडत होती आणि बोलत होती, दोन्ही एकदम. "ताई, सगळी वस्ती बाहेर आलीय. आजूबाजूच्या गावांतनं टेम्पो भरून माणसं निघालीत. माझ्या चुलत्याचा टेम्पो मुंबईला निघाला आबांना घ्यायला. सगळे येतायत, ताई. पण आणायचं कुठं? फाटक बंद आहे. नाल्यात पोलीस लाकडं टाकून देतायत, म्हणतात इथं उरका आणि घरी जा."

छायानं काचेतून खाली उभ्या विमानाकडं बघितलं.

"ताई? उरकायचं का?"

"रंजिता, आबांच्या अंगात औषध भरलंय. पेटी सीलबंद आहे. औषध भरणाऱ्या माणसानं सांगितलं, आठवडाभर काही होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाल्यात न्यायचं नाही. पेटी फाटकासमोर उतरवायची. रस्त्यात. सरपंच त्याच्या हातानं कुलूप काढेपर्यंत हलवायची नाही."

पलीकडं रंजिताचं रडणं थांबलं. "पोलीस ऐकणार नाहीत, ताई. लाठ्या पडतील. पेटीवरही पडतील."

"मला माहितीये."

"आणि आठवडा उलटला तर?"

"मी येतेय," एवढंच छाया म्हणाली.

फोन ठेवला. ती तिथंच, चकचकीत फरशीवर, माणसांच्या येण्याजाण्यात बसली. ईश्वरी तिच्याजवळ उकिडवी बसली आणि घाबरून विचारायला लागली, "मम्मा, वेअर आर दे टेकिंग आजोबा?"

सबंध हयात त्या माणसानं उन्हात, पावसात, साहेबांच्या दारासमोर बसण्यात घालवली. गुडघे गेले, पाठ गेली, बायको गेली, तरी बसलेला उठला नाही. आता मेल्यावर तरी त्याला निजू द्यायचं, एवढंच लेकीच्या हातात होतं. आणि लेकीनं काय केलं, तर त्याला पुन्हा धरण्याला बसवलं.

विमानाची घोषणा झाली. पेटी खाली केव्हाच चढवली असणार. छायानं भिंतीला धरून स्वतःला उभं केलं, ईश्वरीचा हात पकडला आणि रांगेत जाऊन उभी राहिली.